हिरव्या काचेचा कोपरा

१

खिडकी शनिवारी दुपारी फुटली, आणि रविवारच्या उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना झाली. बायकांनी डोळे पुसले. त्याच उपासनेच्या शेवटी, सूचना वाचता वाचता, मुलांच्या घरातल्या एका लहान मुलीला ताप आल्याने दवाखान्यात ठेवलं आहे, असंही कुणीतरी सांगितलं. तोवर मंडळी चपला शोधायला लागली होती.

चर्चच्या उजव्या अंगाला बाप्तिस्म्याची जुनी खोली होती. बाप्तिस्मे आता मोठ्या सभागृहात होत, त्यामुळे खोलीत जुनी बाकं, मोडके दिवे असलं काहीबाही पडलेलं असे. पण तिच्या भिंतीत ती रंगीत काचांची खिडकी होती. येशू दगडावर बसलेला, एक पोर मांडीवर, बाकीची गुडघ्यांना बिलगलेली, पायाखाली हिरवंगार गवत. कमिटीच्या सेक्रेटरींच्या आजोबांनी आपला लहानपणी गेलेला मुलगा आठवून ती बसवली होती. महिन्याभरात तिची शताब्दी साजरी व्हायची होती.

दगड मारणारी सापडली होती. चर्चला लागूनच निराधार मुलांचं घर होतं, तिथली बारा वर्षांची पोर. दिवसभर तोंड बंद म्हणून सगळे तिला थट्टेने 'बोलकी' म्हणत. हातात दगड, तळहातातून रक्त, अशा अवस्थेत ती खिडकीखालीच उभी होती. पळालीसुद्धा नव्हती.

बुधवारी संध्याकाळी कमिटी बसून तिला सुधारगृहात पाठवण्याचा ठराव करणार होती. कागद बिशपसाहेबांकडे गेला, तेव्हा त्यांनी एवढंच कळवलं की आधी कुणीतरी बाहेरच्याने बघून घ्यावं. म्हणून बुधवारी सकाळी जजबाई आल्या. बालन्यायालयात सारी नोकरी काढून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, आणि कुणाच्या गोड बोलण्याला भुलायचं नाही एवढं शिकून बसलेल्या.

"बघण्यासारखं काही नाही हो," सेक्रेटरी त्यांना घराच्या जेवणघरात नेताना म्हणाले. "पोरीने कबूल केलंय. प्रभूच्या तोंडावर दगड मारला तिने. आम्ही खायला घालतो, कपडे देतो, त्याचे हे पांग फेडले."

बोलकी लांब टेबलाच्या टोकाशी बसली होती. हाताला पट्टी.

"दगड तू मारलास?" जजबाईंनी विचारलं.

"हो."

"कुणाचा राग आला होता?"

तिने मान हलवली. नाही.

"मग का मारलास, बाळ?"

 मग टेबलाकडे बघतच ती म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"ऐकलंत?" सेक्रेटरी दारातून म्हणाले. "आम्हालाही हेच. सांगितलं ना एकदा, आता काय परत परत विचारता, असा ताठा."

 एवढ्या वर्षांत जजबाईंनी कबुल्या पुष्कळ ऐकल्या होत्या. 'मी सांगितलं' म्हणणारी मुलं असत. 'सांगितलं होतं' म्हणणारी त्यांना आठवेना.

२

त्या आधी खिडकीकडे गेल्या, बाहेरून.

खिडकीखाली अजून बागेतली बादली पालथी पडली होती. तिच्यावर उभं राहिलं, तर बारा वर्षांच्या मुलीचा हात जेमतेम खिडकीच्या खालच्या कडेला पोचेल. आणि खिडकी फुटली होती तीही नेमकी तिथेच, उजव्या हाताच्या कोपऱ्यात, गवतात. येशूच्या चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. मुलांच्या चेहऱ्यांवरही नव्हता. हिरव्या काचांचे चार-पाच तुकडे तेवढे गेले होते, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या आत वाकल्या होत्या.

"तोंडावर दगड मारला म्हणालात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, म्हणायची पद्धत असते," सेक्रेटरी म्हणाले.

"राग आलेलं पोर लांबून दगड भिरकावतं आणि धूम ठोकतं. ही बादली आणते, तिच्यावर चढते, दगड हातातच धरते आणि एकाच जागी ठोकत राहते. म्हणून हात कापलाय. चित्र मोडायचं नव्हतं तिला. भोक पाडायचं होतं."

सेक्रेटरींनी पाळकांकडून किल्ली मागून आणली. खोलीच्या दाराला भक्कम कडी होती आणि कडीत कुलूप. दार उघडताच पॉलिशचा भपकारा नाकात शिरला. बुधवार उजाडला तरी डोळे चुरचुरत होते.

"शताब्दीसाठी बाकं नव्याने करून घेतली. शुक्रवारी सुतार पहिला हात देऊन गेला," सेक्रेटरी म्हणाले. "पण काचेचा कारागीर येईपर्यंत इथल्या कशाला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली मी सगळ्यांना. पाळकसाहेब झाडून घेतो म्हणत होते, त्यांनाही नाही म्हटलं. एकेक कण जपून ठेवायचाय."

"फार बरं केलंत," जजबाई म्हणाल्या. ते त्या मनापासून म्हणत होत्या.

फुटक्या कोपऱ्याजवळ बाकं ओळीने होती. ओल्या पॉलिशवर काचेचा हिरवा चुरा पडून तसाच चिकटून वाळला होता. पहिलं बाक चुऱ्याने भरलेलं. तिसरंही. मधल्या बाकावर दोन्ही टोकांना चुरा होता आणि मध्ये काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत पॉलिश पुसटलं होतं, त्याला बारीक लोकरीचे धागे चिकटले होते.

जजबाईंनी हाताने अंदाज घेतला. पाय पोटाशी घेऊन झोपलेलं, पाच-सहा वर्षांचं लेकरू तेवढ्यात मावलं असतं.

३

शनिवारी दुपारी चर्चमध्ये गाण्यांची तालीम होती. जजबाई गायनमास्तरांना भेटल्या, तेव्हा ते पेटीच्या पट्ट्या पुसत होते.

"तालमीला घरातली सगळी मुलं होती?"

"सगळी. म्हणजे, छोटी होती मध्यापर्यंत. सहा वर्षांची ती, आता तापाने पडलीय ती. पहिल्या रांगेत उभी केली होती, दिसायला गोड म्हणून. मध्येच भोकाड पसरलं. कॉलर टोचते, नवी चप्पल चावते. बाहेर पाठवून दिली मी."

"कुठे?"

"बाहेर." मास्तर पट्टी घासत राहिले. "पाळकसाहेब होते तिकडे."

"आणि नंतर कुणी तुमच्याकडे आलं? काही सांगायला?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांचं फडकं एकाच पट्टीवर फिरत राहिलं.

मुलांचं घर चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या आई म्हणत. रुंद चेहऱ्याच्या, दमलेल्या. उत्तरं मात्र त्यांच्या ओठांवर तयार होती.

"छोटीला शुक्रवारपासून ताप," त्या म्हणाल्या. "तालमीला नव्हतीच ती. पांघरूण घेऊन पडली होती."

"मास्तर म्हणतात, पहिल्या रांगेत होती."

"मास्तरांना पोरं सगळी सारखीच दिसतात."

"बाप्तिस्म्याच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते का?"

"एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. तिसरी नाही."

पाळक अंगणातच भेटले. मऊ आवाजाचे, उमदे गृहस्थ. पोरं त्यांच्या झग्याला लोंबकळत आणि ते त्यांना लोंबकळू देत. मुलांवर त्यांच्याइतकं सुंदर प्रवचन या भागात कुणी करत नाही, असं बिशपसाहेबही म्हणत.

"मुलीला आपण सांभाळून घेऊ, बाई," ते म्हणाले. "कमिटी चिडलेली आहे. सुधारगृह म्हणजे काही तुरुंग नव्हे. तिलाही जरा शिस्त लागेल."

"तुम्ही त्या खोलीत कधी गेला होतात शेवटचे?"

"सुतार काम संपवून गेला त्यानंतर मी तिथे पाऊल टाकलेलं नाही."

"बरं. छोटीला भेटून यावं म्हणते."

पाळकांचा हात झग्याच्या बटणावर थांबला. "ताप संसर्गाचा आहे," ते म्हणाले. "तुमच्या वयाला कशाला धोका?"

जजबाईंनी रिक्षा बोलावली.

४

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि तिचा नजर टाळण्याचा प्रयत्न जजबाईंच्या लक्षातून सुटला नाही.

"ताप नाही," ती म्हणाली. "बंद जागेत पॉलिशच्या वाफा छातीत गेल्या. आणली तेव्हा शुद्ध नव्हती. आता धोका टळलाय, पण आवाज फुटत नाही अजून. थोडी हवा मिळाली म्हणून वाचली. कुठल्या तरी फटीतून मिळाली असणार."

"आणखी काही आढळलं?"

"केसांत काचेचा चुरा होता. हिरवा. आणि नखं..." तिने स्वतःची बोटं मिटून घेतली. "दार खरवडल्यासारखी."

"आणणाऱ्यांनी काय सांगितलं?"

"डबा सांडला, ती जवळ खेळत होती. पाळकसाहेब आणि त्या घरातल्या बाई, दोघं घेऊन आले. साहेब रडत होते, बाई. मला विचारायचं होतं पुढे. पोलिसांना कळवायला हवं होतं, ते ठाऊक आहे मला. पण पाळकच ते. त्यांना काय विचारणार?"

"हेच विचारायचं होतं," जजबाई म्हणाल्या.

छोटी उशीत रुतून झोपली होती. तिच्याकडे बघून त्या परत फिरल्या आणि सरळ जेवणघरात गेल्या. सेक्रेटरींना त्यांनी दाराबाहेर उभं राहायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

बोलकी तिथेच होती. जजबाई तिच्यासमोर न बसता शेजारी बसल्या.

"सकाळी मी चुकीचं विचारलं," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस, मी सांगितलं होतं. कुणाला सांगितलं होतंस?"

मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. मग ती बोलायला लागली, हळू, पण मध्ये न थांबता. घोकून ठेवल्यासारखं.

"ती आतून खोकत होती. दार वाजवत होती. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, तालीम चाललीय, मोठ्या आईंना सांग. मोठ्या आई म्हणाल्या, किल्ली साहेबांकडे, साहेबांना सांग. साहेबांकडे पाहुणे होते. मी दारातून सांगितलं. ते म्हणाले, येतो हां बेटा, आणि दार लावलं. मग दार वाजायचं थांबलं."

"मग?"

"मग एका काकांना सांगितलं. बाही ओढली त्यांची. ते बाहेर बाकीच्या पाहुण्यांना खिडकीचे फोटो दाखवत होते. ते म्हणाले, जा खेळ."

"कोण काका?"

बोलकीने बंद दाराकडे बोट दाखवलं.

५

संध्याकाळी कमिटी बसली. पाळक, सेक्रेटरी, मोठ्या आई, मास्तर आणि मंडळीतले काही जुनेजाणते. जजबाईंनी सुतारालाही बोलावून घेतलं होतं. तो भिंतीशी अवघडून बसला होता.

त्यांनी सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. बादली, गवताचा कोपरा, बाकावरची रिकामी जागा, केसांतला हिरवा चुरा. "खिडकी बोलकीनेच फोडली," त्या म्हणाल्या. "आतल्या मुलीला हवा मिळावी म्हणून. त्या मुलीला आत कुणी कोंडलं, एवढंच उरलंय."

 मग मोठ्या आई उभ्या राहिल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "छोटी आत शिरलेली मला कळलं नाही. मी कुलूप घातलं. माझी चूक. लिहून घ्या."

कुणीतरी सुस्कारा सोडला. सुटल्याचा सुस्कारा होता तो. जजबाईंनी तो नीट ऐकला.

"कुठल्या किल्लीने?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

जजबाई सुताराकडे वळल्या. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"शुक्रवारपासून माझ्याकडेच आहे ही," तो म्हणाला. "दुसरा हात द्यायला शनिवारी लवकर यायचं होतं, म्हणून मोठ्या आईंनीच दिली. मग घरी अडचण निघाली, आलोच नाही. दार उघडं ठेवा असं मी बजावून गेलो होतो. साहेबांनाच."

"बसा, बाई," जजबाई मोठ्या आईंना म्हणाल्या. "तुम्ही साहेबांना का वाचवताय?"

मोठ्या आई बसल्या नाहीत. "साहेब गेले तर घर बंद पडेल," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघून लोक देणग्या देतात. मला कोण विचारतं? माझ्याकडे एवढी पोरं आहेत. एका पोरीसाठी सगळ्यांना रस्त्यावर काढू?"

"एक नव्हे, दोन," जजबाई म्हणाल्या. "एक आत कोंडलेली. दुसरी सुधारगृहात चाललेली."

पाळकांनी चेहरा ओंजळीत घेतला होता. आता तो वर केला. गाल ओले होते.

"पाहुणे दारात होते," ते म्हणाले. "ती ओरडत होती, अंगावरचे कपडे ओढत होती. मी म्हटलं, जरा वेळ शांत बसू दे. शिक्षा म्हणून नाही, बाई. देवाशपथ नाही. जरा वेळ. मग त्यांनी मला बोलण्यात गुंतवलं आणि मी... माझ्या डोक्यातून गेलं."

"बोलकी दारात येऊन सांगून गेली, तेव्हाही गेलेलंच होतं?"

पाळक ओले गाल पुसू लागले.

"तेव्हा नव्हतं गेलं," जजबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला आठवलं. पण पाहुण्यांसमोर उठून कुलूप काढायचं आणि आतून रडकी पोर बाहेर आणायची, याची लाज वाटली. येतो म्हणालात आणि दार लावलंत. काच फुटल्याचा आवाज आला तेव्हा उठलात. इथवर एक वेळ मी म्हणेन, माणूस आहे, भेदरला. पण पुढे? तुम्ही छोटीला मागच्या दाराने दवाखान्यात नेलंत, आणि जिने तिला वाचवलं तिला लोकांच्या हवाली केलंत. रविवारी उभं राहून खिडकीसाठी प्रार्थना केलीत. प्रभूने लेकरांबद्दल काय सांगितलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यांना दुखावणाऱ्याच्या गळ्यात जातं बांधून समुद्रात बुडवण्याचंही."

"मला क्षमा करा," पाळक म्हणाले.

"माझ्याकडे कशाला मागता?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. सेक्रेटरी मात्र कधीचे स्वतःच्या बाहीकडे बघत होते. "माझ्याकडे कुणी आलं नव्हतं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आली असेल. पोरं येतच असतात. लक्षात नाही." आणि आणखी जरा वेळाने, वयाने मोठ्या माणसाने सावरून घ्यावं तसं, "बाई, झालं ते वाईटच. पण मुलगी वाचली आहे. ठराव आपण मागे घेऊ. हे या खोलीतच राहिलं, तर मंडळीच्या दृष्टीने..."

"दवाखान्यातून निघतानाच मी पोलिसांना फोन केला होता," जजबाई म्हणाल्या. "ते फाटकाशी थांबले असतील. सावकाश आवरा."

६

पुढे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. पाळकांना नेताना अर्धी मंडळी फाटकाशी रडत होती, आणि रडता रडता जजबाईंकडे अशी बघत होती, जणू त्यांनीच मुलगी कोंडली होती. एक म्हातारी ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, स्वतःला पोरबाळ नसलं की माणूस असं कठोर होतं. जजबाईंना एक मुलगी होती आणि दोन नातवंडं होती. त्यांनी ते सांगितलं नाही.

मोठ्या आईंनाही जबाबासाठी नेलं. जाताना त्या स्वयंपाकघरात ओरडून सांगून गेल्या की गॅसवर दूध आहे, उतू जाईल.

अंधार पडायच्या आत जजबाई बोलकीला घेऊन दवाखान्यात आल्या. तिनेच हट्ट धरला होता, हट्ट म्हणजे काय, रिक्षात येऊन बसली होती. छोटी जागी होती. बोलकी तिच्या पलंगाच्या कडेला टेकली आणि पट्टी नसलेल्या हाताने तिचं पांघरूण नीट करू लागली.  सख्ख्या बहिणी नव्हत्या त्या. रात्री अंथरुणं शेजारी असायची, एवढंच नातं.

"तुझ्यावरचा आरोप गेला," जजबाई म्हणाल्या. "बिशपसाहेबांना सगळं कळवलंय. तुला कुठे पाठवणार नाहीत. ज्यांनी तुझं ऐकलं नाही त्या सगळ्यांना आता पोलिसांपुढे उत्तर द्यावं लागेल."

बोलकीने मान डोलावली. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तशी.

"बाई," ती म्हणाली. "आज मी कुठे झोपायचं?"

 बिशपसाहेब, पोलीस, डॉक्टर, सुतार, सगळ्यांशी जजबाई बोलल्या होत्या. सकाळपासून एकेक धागा त्यांनी सुटू दिला नव्हता. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती रात्री कुठे पाठ टेकणार, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. घरात आता मोठ्या आई नव्हत्या. होती ती माणसं हिला शिव्या घालत होती.

"मी ठरवलंच नाही," त्या म्हणाल्या. "आधी तेच ठरवायला हवं होतं."

"मग इथेच राहू?"

"इथे एकाच माणसाला राहता येतं. तेही मोठ्या. नात्यातल्या."

बोलकीने छोटीकडे पाहिलं. "हिचं नात्यातलं कुणी नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती, माहिती होती. मग ती पलंगावरून उतरली, खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि पाय पोटाशी घेतले. कुणी उठवेपर्यंत इथेच, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

नर्स दारातून आत आली. "भेटायची वेळ संपली," ती म्हणाली. "ही कोण? हिला बाहेर न्या."

जजबाईंनी खुर्ची ओढली, दुखरे गुडघे सावरत त्या बोलकीच्या आणि दाराच्या मध्ये बसल्या, आणि पर्समधून फोन काढून बोलकीच्या रात्रीची सोय लावण्यासाठी एकेक नंबर लावायला लागल्या.

"मॅडम, नियम आहे," नर्स म्हणाली.

"असू दे," जजबाई म्हणाल्या. "तुमच्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा. मी उठणार नाही."

पहिला फोन कुणी उचलला नाही. त्यांनी दुसरा लावला.